टपाचा प्रश्न

आमच्याकडे उघड्या गाडीतून तिघंच फिरतात: नवरदेव, निवडून आलेला उमेदवार आणि गणपती. तिघांच्याही पुढे बँड असतो आणि तिघांनाही घाई नसते. मी यांपैकी कुणीच नाही. वाळूजला माझं छोटंसं प्रेस शॉप आहे. दुचाक्यांना लागणारे पत्र्याचे ब्रॅकेट, क्लॅम्प असला माल आम्ही काढतो. पन्नाशी ओलांडली, कर्ज फिटलं, मुलगा पुण्यात नोकरीला लागला, आणि मला दोन सीटची स्पोर्ट्स कार घ्यायची आहे. हे घरात बोलले तेव्हा नवऱ्यानं टीव्हीचा आवाज बारीक केला. विरोध काही केला नाही. "घे की. पण टप असलेली घे," एवढंच म्हणाला, आणि तिथून घोळ सुरू झाला.

कारण गाडी ठरलेलीच होती, अडलं होतं ते टपावरच. पोर्शची बॉक्स्टर आणि केमन ही जोडी. दोन्हींत इंजिन सीटच्या पाठीमागे, मधोमध. दोन्हींत दोनच माणसं बसणार. बॉक्स्टरचं छप्पर कापडी, बटण दाबलं की घडी होऊन मागे जाणारं. केमनचं पत्र्याचं, कायमचं. नवी घेण्याची माझी ऐपत नाही आणि पेट्रोलवरच्या या जोडीचं उत्पादन आता थांबलंही आहे. म्हणजे बघायची ती वापरलेलीच, मुंबई-पुण्याकडची.

बऱ्याच जणांना वाटतं की आधी बंद गाडी बनते आणि मग तिचं छप्पर कापून उघडी काढतात. बहुतेक कंपन्यांत तसंच होतं. इथे उलटं झालंय. बॉक्स्टर 1993 साली डेट्रॉइटच्या प्रदर्शनात नमुना म्हणून दाखवली गेली, 1996 ला विक्रीला आली, आणि ती पहिल्यापासून उघडीच होती. केमन 2005 ची, म्हणजे टप नंतर बसवला. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटला. का, ते सांगायला जरा पत्र्यात शिरावं लागेल.

पत्र्याचं काम करणाऱ्याला छप्पर म्हणजे नुसती ऊन-पावसाची सोय दिसत नाही, सांगाड्याचा एक भाग दिसतो. सुंभ सैल पडलेली बाज अंगणात टाका. तिचा एक पाय खळग्यात गेला की अख्खी चौकट तिरपी होते, कुरकुरते. तीच बाज आवळून विणलेली असली की चारही पाय एकमेकांना धरून राहतात. गाडीत ही विणीची कामगिरी छप्पर करतं. पुढच्या काचेच्या चौकटीपासून मागच्या खांबांपर्यंत पत्रा जोडला गेला की सांगाड्याला पीळ बसत नाही. तो काढून घेतला की भरपाई खालून करावी लागते. दारांखालचे बीम जाड करा, आडवे पट्टे वाढवा, काचेच्या खांबांत कडक पोलाद घाला. एवढं करून वजन वाढतं, आणि मुळात बंद म्हणून आखलेली गाडी असेल तर ती खराब रस्त्यावर थरथरायची ती थरथरतेच. डॅशबोर्ड एका तालात हलतो, काच दुसऱ्या, आणि आरशात मागचा ट्रक नाचताना दिसतो. बॉक्स्टरचं तसं नाही, कारण तिचा आराखडाच टप नाही हे धरून केलेला. तरीही पीळ सोसण्यात केमन तिच्या कितीतरी पुढे आहे, याबद्दल वाद नाही. वजन दोघींचं जवळपास सारखंच.

आमचे फोरमन, ज्यांना सगळी वाळूज मामा म्हणते, त्यांना हे असलं छापील सांगून चालत नाही. त्यांची स्वतःची परीक्षा आहे. गाडीचं पुढचं एक चाक उंचवट्यावर चढवायचं, तिरक्या कोपऱ्यातलं मागचंही, आणि मग दार उघडून लावून बघायचं. ओळखीतल्या एका कारखानदारांकडे बॉक्स्टर आहे, वर्षभर कव्हरखाली असते. एका रविवारी त्यांनी ती आम्हाला मोठ्या मनानं दिली. मामांनी आधी नमुन्यादाखल शेडमागच्या एका जुन्या उघड्या जीपगाडीवर प्रयोग केला. चाकं चढवली तशी दाराची फट वर निमुळती झाली, खाली रुंदावली, आणि दार अर्ध्यात अडकलं. मग बॉक्स्टर. मामांनी फिलर गेजची पानं एकावर एक लावून दाराची फट आधी सपाटीवर मोजली, मग चाकं चढवून मोजली. पान सरकवताना ते श्वास रोखून धरतात, डाय सेट करतानाही तसंच करतात. फरक पडला, पण डोळ्यांना दिसेल असा नाही. दार एका बोटानं लागलं. "कापडी असून बरीय की," मामा म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं येणं म्हणजे प्रमाणपत्रच.

इथे कुणी म्हणेल, शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या चांगल्या रस्त्यावर या पिळाचं काय घेऊन बसलात? तर आमची माती बघा. काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरचा डांबरी रस्ता बिचारा तिच्याबरोबर वर-खाली होतो. खड्डा नसतोच, रस्त्यालाच लाट आलेली असते, आणि ती लाट डाव्या चाकाला एक आणि उजव्या चाकाला दुसरी लागते. म्हणजे मामांची परीक्षा इथला रस्ता दर किलोमीटरला घेतोच. समृद्धी महामार्ग वेगळा. 701 किलोमीटर काँक्रीट, गाड्यांना ताशी 120 ची मर्यादा. पण तिथे टप उघडून जाण्यात काय मजा आहे ते मला कळलेलं नाही. दुपारच्या उन्हात पांढरं काँक्रीट खालून तापवतं, सूर्य वरून, आणि वारा कानात इतका बोलतो की शेजारच्याशी खुणांनी बोलावं लागतं. समृद्धीवर केमनच. स्पीडब्रेकरचं म्हणाल तर दोन्ही गाड्या सारख्याच बुटक्या, तेव्हा तिथं निवड करण्यासारखं काही नाही.

आणि वाऱ्याची एक गंमत जी चालवल्याशिवाय कळत नाही. वाटतं की वारा पुढून येऊन केस मागे नेईल, सिनेमातल्यासारखा. प्रत्यक्षात वारा काचेवरून उडी मारून जातो, काचेमागे हवेचा दाब कमी पडतो, आणि ती जागा भरायला हवा पाठीमागून आत येते. केस मागून पुढे, थेट तोंडात. म्हणून सीटच्या मागे, दोन डोक्यांमधल्या जागेत, जाळीची किंवा पारदर्शक पट्टी लावतात. तिनं बरंच आवरतं. याच कारणानं बारीक पावसात गाडी पळती असली की थेंब डोक्यावरून निघून जातात आणि आपण कोरडे. भिजायला होतं ते सिग्नलला. श्रावणात दौलताबादच्या घाटात मी हे करून पाहिलं आणि बाजूला बसलेला नवरा पहिल्यांदा हसला. सिग्नल तिथे नव्हता, किल्ल्याजवळची ती वेस होती, जिच्यातून एका वेळी एकच गाडी जाते. तिथे थांबलो आणि दोघंही चिंब झालो.

तिथेच वानरं. कापडी हूडचा विचार करताना कुठल्याही परदेशी माणसाला वानरं सुचणार नाहीत, आणि आम्हाला दुसरं काही सुचत नाही. दौलताबाद, वेरूळ, अजिंठा, कुठेही गाडी लावा, टपावर एखादं बसणारच. पत्र्यावर बसलं तर ओरखडा पडेल. कापडावर बसलं आणि खेळायला लागलं तर काय, ते बघायला मी थांबलेली नाही. तेच मांजराचं, तेच रात्री ब्लेड घेऊन फिरणाऱ्याचं.

शहरात जीपचे हूड शिवणारे कुशनवाले आहेत. पिढ्यान्‌पिढ्या रेक्झिन आणि ताडपत्री शिवतात. त्यातल्या एका चाचांना बॉक्स्टर दाखवली. त्यांनी कापडाची कड दोन बोटांत चोळली, आतला थर चाचपला, शिवण नखानं ओढून पाहिली आणि म्हणाले, "ये कपडा अपने इधर नहीं मिलता, मॅडम. लेकिन सिलाई गई तो मैं मार दूँगा." कापड बाहेरून मागवावं लागणार, शिवण मात्र इथे होईल. मला हे उत्तर कुठल्याही वॉरंटीपेक्षा जास्त धीराचं वाटलं. सुरुवातीच्या बॉक्स्टरना मागची काचही प्लास्टिकची होती, खरी काच नंतर आली. आमच्या उन्हात प्लास्टिक पिवळं पडायला आणि घडीवर चिरायला वेळ लागत नाही, म्हणून त्या जुन्या गाड्या यादीतून पहिल्यांदा कटाप.

हूडच्या गाडीचा खरा शत्रू मात्र पाऊस नाही, कडुलिंब आहे. छपराच्या कडेनं आलेलं पाणी खाली जायला दोन्ही बाजूंना नळ्या असतात. आपण गाडी सावली बघून लिंबाखाली लावतो. चैत्रात फुलोरा पडतो, मग पाला, त्यावर उन्हाळाभर धूळ, आणि या सगळ्याचा गिलावा त्या नळ्यांच्या तोंडाशी बसतो. मृगाचा पहिला पाऊस येतो तेव्हा पाण्याला बाहेरची वाट बंद असते, मग ते आतली धरतं. गालिचाखाली पाणी साचून इलेक्ट्रिकचं काम निघालं की छपराचे वाचवलेले पैसे वळते होतात. उपाय साधा आहे, वळवाच्या आधी नळ्या साफ करायच्या. केमनला ही भानगड नाही, शिवाय तिला मागे मोठं वर उघडणारं दार आणि त्याखाली बऱ्यापैकी सामानाची जागा आहे. लातूरला जाताना आईसाठी नेलेले डबे केमनमध्ये बसतील. बॉक्स्टरमध्ये आई किंवा डबे.

गारपिटीचंही बोललं पाहिजे. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारांनी जे केलं ते इथल्या कुणी विसरलेलं नाही, शेतात उभं पीक राहिलं नव्हतं. गाडीच्या बाहेरचा पत्रा असतो 0.7, फार तर 0.8 मिलिमीटर. त्यावर लिंबाएवढी गार पडली की खळगा. कापड लहान गार उडवून लावतं, पण मोठी गार त्याला फाडून आत. हा प्रश्न बरोबरीत सुटतो असं मी धरलंय. ज्याचं रान झोपलं त्यानं माझ्या टपाची चिंता का करावी, हाही विचार येतो आणि तो झटकता येत नाही.

एवढ्यात हिशेब स्पष्ट झालेला आहे. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे असतो तेव्हा दिवसा टप उघडायचं नाव काढू नका, झळ लागते ती लागतेच. उघडी गाडी उघडी म्हणून चालवायची तर दिवाळीनंतर हुरडा संपेपर्यंतच्या सकाळ-संध्याकाळी, श्रावणातली उघडीप आणि उन्हाळ्यातल्या रात्री. बाकी सगळा वेळ ती बंद गाडीच, आणि बंद गाडी म्हणून केमनपेक्षा कमी चांगली. पुण्यात मी केमन चालवलीही. काय गाडी आहे! वळणावर हातातल्या चाकाला सांगायचा अवकाश, ती गेलेलीच असते. आवाज आत भरून राहतो, इंजिन पाठीशी बोलतं. सगळे मुद्दे केमनच्या पारड्यात होते, नवऱ्याचं मत धरून.

आईला विचारायचं राहिलं होतं. माझं माहेर औसा तालुक्यातलं. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी कॉलेजात होते. आमच्या भागातली जुनी घरं म्हणजे दगड-मातीच्या हातभर रुंद भिंती आणि वर माळवद. माळवद म्हणजे लाकडावर मातीचा जाड थर, दर पावसाळ्याआधी वर आणखी माती. उन्हाळ्यात गार, आणि त्या पहाटे तेच वजन माणसांच्या अंगावर आलं. जवळपास दहा हजार माणसं गेली. आमच्या घरची वाचली. त्यानंतर कित्येक महिने अख्खा गाव शेतात, पत्र्याच्या शेडात झोपला. आई पुढे नवीन घरातही बाज अंगणातच टाकायची, थंडी पडेपर्यंत. आम्ही कधी त्यावर बोललो नाही.

तर आई. गुडघे गेलेत. बुटक्या बंद गाडीत बसायचं म्हणजे गुडघेही वाकवायचे आणि मानही. बॉक्स्टरचा टप उघडा ठेवून दार उघडलं तर मान ताठ ठेवून नुसतं खाली टेकता येतं. मुळात हा कुणी विचार करून केलेला फायदा नाही, पण साठीच्या पुढच्या माणसाला उघडी गाडी सोपी पडते हे खरंय. आई बसली, वर बघितलं. "वर काई नाही. बरंय," म्हणाली. मग लगेच, "पण एवढ्या खाली बसायला पैसे दिलेत व्हय?"

आणि आता ज्याच्यावर माझं सगळं घोडं अडलं होतं ते. बघण्याचं.

या शहरानं 2010 मध्ये एकाच वेळी 150 मर्सिडीज घेतल्या होत्या, 65 कोटींच्या. देशभर बातमी झाली, औरंगाबादचे लोक श्रीमंत आहेत हे औरंगाबादलाही तेव्हाच कळलं. शेंद्र्याला स्कोडा आणि ऑडी जुळत होत्या, म्हणजे मोठ्या गाडीचं अप्रूप तसं नव्हतं. पण त्या दीडशेंतल्या कुणाच्याही आत कोण बसलंय हे दिसायचं नाही. काळ्या काचा. 2012 मध्ये सुप्रीम कोर्टानं काचेवरच्या फिल्मवर बंदी घातली, तरी काच वर ठेवायची सवय गेली नाही. बाईच्या बाबतीत तर बाहेर पडायचं म्हणजे काहीतरी बांधूनच. इथल्या मुली स्कूटीवर स्कार्फ असा गुंडाळतात की डोळ्यांपुरती फट राहते, हातात कोपरापर्यंत मोजे. उन्हासाठी म्हणतात. उन्हासाठी असतंच, आणि फक्त उन्हासाठी नसतं, हे प्रत्येकीला माहीत आहे. मीही वीस-पंचवीस वर्षं वाळूजला तशीच गेले. आधी स्कार्फ, मग गाडीची काच. उघड्या गाडीत पन्नाशीची बाई एकटी, हा विचारच मला पत्र्याच्या पिळापेक्षा, कडुलिंबापेक्षा, वानरांपेक्षा जड होता.

त्या रविवारी मी क्रांती चौकात टप उघडा ठेवून थांबले होते. शेजारी स्कूटी. डोळ्यांची फट माझ्याकडे वळली. "मॅडम, स्वतःची आहे?" म्हटलं, अजून नाही, बघतेय. "घ्या," ती म्हणाली. "पण टोपी घाला, टॅन होईल." सिग्नल सुटला. पुढे खुलताबादच्या अलीकडे मेंढरं आडवी आली. बंद गाडीत असते तर एसी लावून बसले असते, मोबाईल काढला असता. इथे कळप दोन्ही बाजूंनी वाहत होता आणि मेंढपाळ थेट माझ्या कोपराशी येऊन टेकला. आत वाकून बघत म्हणाला, "दोघंच बसतेत?" म्हटलं, दोघंच. "मग लेकरं?" म्हटलं, लेकरू पुण्याला आहे. "मग ठीकंय." एका मेंढीनं दाराला अंग घासलं, लोकरीचा ओला वास आला, आणि मालकाची गाडी म्हणून मी जीव मुठीत धरून बसले. म्हैसमाळच्या रस्त्यावर एका आजोबांनी टप वाऱ्यानं उडाला का म्हणून मनापासून चौकशी केली. शिट्टी मारणारेही भेटले, दोन पोरं, मोटारसायकलवर. मी त्यांच्याकडे वळून नीट बघितलं, आईच्या नजरेनं. त्यांनी गाडी पुढे काढली.

मला वाटत होतं उघड्या गाडीत माणसं बघतील. बघतात. पण बंद स्पोर्ट्स कारमध्येही बघतातच, पुण्यात केमन चालवताना रस्त्यावरचं प्रत्येक डोकं वळत होतं. फरक एवढाच की तिथे मला उत्तर देता येत नव्हतं. काचेआड मी कुणीतरी 'मोठ्याची' होते. चौकात मी वाळूजची एक बाई होते, जिला टोपी घालायला सांगता येतं. गाडी जितकी महाग तितका तिच्यातला माणूस अनोळखी होत जातो, आणि ते मला आमच्या गावात नको आहे. रात्रीचा वारा, हुरड्याचा धूर, साखर कारखान्याच्या मळीचा तो बरा-वाईट वास, हे सगळं उघड्या टपाबरोबर येतं आणि आवडतंही. पण मला पटलं ते मेंढपाळामुळे.

नवऱ्याला सांगितलं. त्यानं एकच विचारलं, "आणि डबे?" म्हटलं, डबे एसटीनं पाठवू, कंडक्टर ओळखीचे आहेत.

पुण्यात एका डीलरकडे एक बॉक्स्टर मिळाली. हूड चांगला, मागच्या डाव्या कोपऱ्यात एक शिवण सुटलेली, तेवढी चाचांच्या हातची आहे. मामा सोबत आले होते. त्यांनी गेज काढला नाही, बादली मागितली. डीलरचा माणूस म्हणाला, "मॅडम, गाडी डिटेलिंग करून ठेवलीय." मामांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि छपराच्या खाचेत पाणी सोडायला सुरुवात केली, आधी डावीकडे, मग उजवीकडे. डावीकडचं पाणी मागच्या चाकापाशी लगेच खाली आलं. उजवीकडचं तुंबलं. मामांनी खिशातून नायलॉनची दोरी काढली, नळीत सारली, फिरवली, आणि काळा गाळ बाहेर ओढला. दोन पानं होती त्यात, कडुलिंबाची नव्हती. मग तिकडूनही पाणी सुटलं. डीलरच्या माणसाचा चेहरा पडला होता, तेव्हा मी किमतीचं बोलणं काढलं.